पहिला कॅमकॉर्डर घेताना...

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आमच्याकडे आठवड्यातून मोजक्या तासांना भेटायची. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या समजाव्यात, मराठी विभागाच्या संपादकांना बोल लावू नये. "इंग्लिश सेक्शनला दे ना, पटकन होईल" असं रूममेट म्हणाली होती. पण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला वाटतं, त्या माझ्या आजोबांना इंग्रजी येत नाही. म्हणून हा खटाटोप!

आजोबांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सोलापूरला भवानी पेठेत आमचं घर आहे. घराच्या मागे पत्र्याची एक लांब खोली, आणि तिच्यात यंत्रमाग. मी लहान असताना चार होते, आता दोन आहेत. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूर कापडावर जगत आलं. सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकनही आहे. पण मानांकन वेगळं आणि घरातल्या दोन जुन्या मागांचं गणित वेगळं. जूनमध्ये सुट्टीला घरी गेले तेव्हा कळलं की दोन्ही मागांचा सौदा ठरलाय. दिवाळीनंतर गाडी येणार आणि ते भंगारात जाणार. अण्णा एवढंच म्हणाले, "बाई, लोखंडाचा भाव तरी बरा आला."

मी ठरवलं, माग चालू असतानाच त्यांचं शूटिंग करून ठेवायचं. नुसता धोटा इकडून तिकडे पळतोय एवढंच नको. अण्णा ताणा कसा जोडतात, कांडी कशी बदलतात, सूत तुटलं की आवाजावरून कसं ओळखतात, हे सगळं त्यांच्याच तोंडून हवं. बाबा म्हणाले, "फोन आहे की तुझ्याकडं!" खरंच होतं. मी फोनवर शूटिंग केलं, आणि तिथेच माझी फजिती झाली. त्या फजितीतून मी जे शिकले ते या लेखात सांगते. होस्टेलवर कुणी घरासाठी पहिला कॅमकॉर्डर घ्यायच्या विचारात असेल, तर त्याचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील.

फोन असताना कॅमकॉर्डर कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. प्रामाणिक उत्तर असं, की बहुतेकांना कॅमकॉर्डरची गरज नाही. वाढदिवस, ट्रिप, गॅदरिंगमधला डान्स यासाठी चांगला फोन पुरतो. २००० ते २०१० या काळात घराघरांत हँडीकॅम होते, त्यांची जागा फोननेच घेतली. आज घरगुती कॅमकॉर्डरची मॉडेल्स मोजकीच उरली आहेत आणि बरेच जण जुनेच विकत घेतात.

पण तीन ठिकाणी फोन कमी पडतो. एक, सलग दीड-दोन तास शूटिंग. आमच्या पत्र्याच्या खोलीत माझा फोन पंचवीस मिनिटांत तापला आणि स्वतःच बंद पडला. दोन, लांबून झूम. आणि तीन, आवाज. यातलं एकही काम तुमच्या यादीत नसेल तर पुढचे पैसे वाचवा आणि एक बरा ट्रायपॉड घ्या. यादीत असेल तर पुढे वाचा.

आधी काय टिपायचं, मग कॅमेरा

आपल्याकडे याचं फार जुनं उदाहरण आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनींना एक कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हा त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. यात कथा नाही की नट नाही. डोळ्यांसमोर जे घडलं ते टिपलं, बस्स. म्हणजे भारतातले पहिले चित्रपट हे एका अर्थी आपल्या घरगुती व्हिडिओंचेच पूर्वज!

पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागवला. त्यांनी थेट 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीची एकेक फ्रेम महिनाभर घेतली. हाती काय आलंय हे आधी छोट्या कामावर तपासलं. कॅमेरा घेण्याआधी आणि घेतल्यावर काय करावं, याचा याहून चांगला धडा मला सापडला नाही. मीही एका कागदावर लिहून काढलं : अंधारी खोली, जुनी ट्यूबलाइट, प्रचंड आवाज, हवेत सुताची रुई, खाली हादरणारी फरशी. या पाच ओळींनीच माझा कॅमेरा निवडला. दुकानदाराने निवडला नाही.

१. खोक्यावरचा लाल आकडा विसरा

जुन्या कॅमकॉर्डरच्या खोक्यावर '८०० एक्स' असं ठळक छापलेलं असतं. तो डिजिटल झूम. त्यात कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापून ताणतो, बाकी काही नाही. नवीन तपशील कुठूनच येत नाही, नुसते ठोकळे दिसतात. खरा तो ऑप्टिकल झूम, कारण त्यात भिंगं प्रत्यक्ष सरकतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. माडीच्या गॅलरीतून बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांचे चेहरे टिपायचे असतील तर १० ते २० एक्सचा ऑप्टिकल झूम पुष्कळ झाला. डिजिटल झूम मेनूमध्ये जाऊन बंदच करून टाका.

२. अंधारात कसा दिसतो?

घरगुती शूटिंग बहुतेक वेळा कमी उजेडातच होतं. कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश सेन्सरवर पडतो. सेन्सर जितका मोठा, तितका जास्त प्रकाश गोळा होतो आणि चित्रात दाणे कमी येतात. स्वस्त कॅमकॉर्डरमध्ये सेन्सर नखाएवढाही नसतो. इथे एक गंमत आहे. '१ इंच' म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो! पूर्वी कॅमेऱ्यात काचेच्या व्हिडिकॉन नळ्या असायच्या. तो इंच त्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचा, आणि नळी गेली तरी नाव राहिलं. तेव्हा इंचांची तुलना एकमेकांशी करा, फूटपट्टीशी नको.

दुकानातल्या झगमगाटात सगळेच कॅमेरे छान दिसतात. कॅमेरा टेबलाखाली धरून बघा. तिथे चित्र किती गढूळ होतं, तेच तुमच्या घरातलं चित्र.

३. ट्यूबलाइट आणि माझं बारसं

माझ्या बारशाची एक टेप घरी आहे. अमेरिकेतल्या काकांनी स्वतःच्या कॅमेऱ्यावर शूटिंग केलं आणि कॅमेरा आमच्याकडेच ठेवून गेले. त्या टेपमध्ये पाळण्याच्या वरची ट्यूब सारखी लुकलुकते. लहानपणी मला वाटायचं, ट्यूबच खराब असेल. थर्ड इयरला येऊन कारण कळलं!

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो, म्हणजे प्रत्येक चित्रात प्रकाशाचे बरोबर दोन ठोके येतात. सगळी चित्रं सारखी उजळ, लुकलुक नाही. अमेरिका आणि जपानमधला एनटीएससी पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला सुमारे ६० चित्रं घेतो. १०० ला ६० ने भाग जात नाही. त्यामुळे एका चित्रात जास्त प्रकाश येतो, दुसऱ्यात कमी, आणि सेकंदाला सुमारे २० वेळा उजेड हेलकावे खातो.

म्हणून परदेशातून आलेला किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारा जुना कॅमेरा घेताना पाल की एनटीएससी हे आधी बघा. एनटीएससी असेलच तर शटर हाताने १/१०० सेकंदावर ठेवता येतं का ते पाहा. मग प्रत्येक चित्रात एकेक ठोका येतो आणि लुकलुक थांबते.

४. आवाज : माझी सगळ्यात मोठी चूक

फोनवरच्या शूटिंगमध्ये अण्णा चाळीस मिनिटं बोलले. मी होस्टेलला येऊन हेडफोन लावला तर एक शब्द कळेना. नुसता खडखडाट. माग थांबला की आवाज हळूहळू चढायचा, माग सुरू झाला की फाटायचा. याला कारण ऑटोमॅटिक गेन. कॅमेरा स्वतःच ठरवतो की आवाज लहान आहे की मोठा, आणि त्याप्रमाणे वाढवतो-कमी करतो. हॉलमधल्या भाषणाला ते ठीक आहे, मागाच्या खोलीत नाही.

मी फोनवरून म्हटलं, "अण्णा, पुढच्या वेळी माग बंद करून बोला." ते म्हणाले, "अगं, माग बंद असला की मला काय आठवतंय? हात चालला की तोंड चालतंय." हे ऐकून मी गप्पच झाले. म्हणजे चालत्या मागातच त्यांचा आवाज पकडायला हवा होता.

उपाय आपल्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्येच होता. मागाचा आवाज खोलीत सगळीकडे जवळपास सारखाच असतो, माइक इकडे ठेवा नाहीतर तिकडे. बोलणाऱ्याचा आवाज मात्र अंतराप्रमाणे झपाट्याने घटतो. कॅमेऱ्यावरचा माइक अण्णांपासून २ मीटरवर होता. तोच कॉलरला, तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावला तर अंतर दहापट कमी होतं, आणि त्यांचा आवाज सुमारे २० डेसिबलने वर येतो. महागडा कॅमेरा जे करू शकत नाही ते कॉलरचा माइक करतो.

त्यामुळे कॅमकॉर्डरला तीन गोष्टी हव्यातच : बाहेरचा माइक लावायचं भोक, हेडफोनचं भोक आणि आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय. एकवेळ झूम कमी चालेल, पण यात तडजोड नको. आणि एक बारीक सूचना. फोनच्या कॉलर माइकच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. फोनचा माइक तसाच कॅमेऱ्याला खुपसला तर बहुतेक वेळा आवाजच येत नाही. मध्ये छोटा अ‍ॅडॅप्टर लागतो. मला हे कळायला एक अख्खा रविवार लागला.

५. पळणारा धोटा

माझ्या फोनच्या व्हिडिओत धोटा तिरका झालेला दिसत होता. फोनमधला सीमॉस सेन्सर चित्र एका क्षणात न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात धोटा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो वाकडा दिसतो. जुन्या सीसीडी कॅमेऱ्यात असं होत नाही. पण त्यांची दुसरी तऱ्हा आहे. ते एका वेळी एकाआड एक ओळी घेतात, त्यामुळे कॉम्प्युटरवर पळत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. दोन्ही दोष घरातल्या बारशा-लग्नात फारसे जाणवत नाहीत. तुमच्या घरी कबड्डीपटू किंवा माग असेल, तर मात्र घेण्याआधी कॅमेऱ्यासमोर हात जोरात हलवून बघा.

६. टेप, डिस्क की कार्ड?

१९९५ मध्ये डीव्ही पद्धत आली आणि मिनीडीव्ही टेप घरोघर गेली. एका टेपवर ६० मिनिटं, कॉम्प्युटरवर उतरवलं तर तासाला सुमारे १३ जीबी. चित्र आजही बरं दिसतं. पण टेप वाचायला चालू स्थितीतला कॅमेरा लागतो आणि उतरवायला फायरवायरचं पोर्ट, जे आजच्या लॅपटॉपवर नसतं. शिवाय टेपच्या यंत्रणेला धूळ अजिबात चालत नाही. नंतर ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवाले कॅमेरे आले. त्यात चांगल्या दर्जाचं शूटिंग वीसेक मिनिटांत संपायचं, आणि डिस्क नीट बंद केली नाही तर दुसऱ्या प्लेअरवर चालायची नाही. २००६ मध्ये एव्हीसीएचडी पद्धत आली आणि मग मेमरी कार्डाचा जमाना सुरू झाला.

आज पहिला कॅमकॉर्डर घेत असाल तर माझं मत सरळ आहे : कार्डवालाच घ्या. जुन्या टेपच्या चित्राचं सध्या मित्रांमध्ये वेड आहे, हौस म्हणून ठीक आहे. पण हातात एकच संधी असेल तर टेपवर विसंबू नका.

हिशोबही सोपा आहे. सेकंदाला २४ मेगाबिट म्हणजे ३ मेगाबाइट, तासाला १०.८ जीबी. तोच ४ के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी. '४ के घ्या' म्हणणाऱ्याला आधी विचारा, हार्ड डिस्क कोण घेऊन देणार? आणि एव्हीसीएचडीचं कार्ड कॉपी करताना पूर्ण फोल्डर कॉपी करा. लांब शूटिंगच्या फाइली तुटक तुटक लिहिल्या जातात, आणि त्या जोडायची माहिती त्या फोल्डरमध्येच असते.

७. बॅटरी, ट्रायपॉड आणि चादर

जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी म्हातारी झालेली असणार, हे गृहीत धरा. त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का, आणि कॅमेरा थेट अ‍ॅडॅप्टरवर चालतो का, हे आधी बघा. ट्रायपॉड जड असलेला बरा. आमच्याकडे फरशीच हादरत होती, म्हणून ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली घडी करून सोलापुरी चादर घातली. थरथर बरीच कमी झाली! रुईसाठी भिंगासमोर साधा काचेचा फिल्टर लावला. भिंग कधी कापडाने खसाखसा पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं : कॉपी काढा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या प्रती जळून गेल्या. जिथे जपायचंच काम चालतं तिथे असं होऊ शकतं, तर आपल्या एका पेनड्राइव्हची काय कथा? तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

मग मी काय घेतलं?

इंटर्नशिपचे पैसे आणि बाबांची थोडी भर घालून मी एक जुना, कार्डवाला, पाल पद्धतीचा एचडी कॅमकॉर्डर घेतला. झूम साधाच आहे, स्क्रीनवर एक चरा आहे. पण माइकचं भोक आहे, हेडफोनचं आहे आणि आवाज हाताने कमी करता येतो. फाळक्यांच्या वाटाण्याप्रमाणे आधी होस्टेलच्या मेसमध्ये चाचणी घेतली. मेसच्या मावशींनी पोळ्या लाटताना दिलेली मुलाखत ज्यांना बघायची असेल त्यांनी रूमवर यावं.

खंडेनवमीला घरी गेले. मागांची पूजा झाली, हळद-कुंकू, झेंडूची माळ. मग अण्णांनी कॉलरला माइक लावून घेतला. "हे काय, कीर्तनकार केलं व्हय मला?" म्हणाले, आणि खटका ओढला. मी हेडफोन लावला होता. खडखडाटाच्या वर अण्णांचा आवाज आला, स्वच्छ. पाऊण तास ते बोलत होते. धोट्याचा आवाज बदलला की कांडी संपत आली समजायचं, हे त्यांनी दोनदा करून दाखवलं. शेवटी माग थांबला. ते काही बोलले नाहीत, फक्त मागावर हात ठेवून उभे राहिले. मी कॅमेरा बंद केला नाही.

परवा बारशाची टेप एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याकडून उतरवून आणली. त्याच्याकडे जुना प्लेअर अजून चालतो. बघताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की पाळणा म्हणतानासुद्धा मागे खडखड ऐकू येतेय. आज्जी ओरडून सांगतेय, "अहो, पोरीचं नाव ठेवायचंय, माग बंद करा!" आणि मग एकदम शांत होतं. म्हणजे त्या दिवशी माग फक्त माझ्या नावापुरता थांबला होता.

आता दिवाळीनंतर ती खोली रिकामी होईल. तीन प्रती काढून झाल्या आहेत. एक इथे होस्टेलला, एक घरी आणि एक पुण्याच्या मावशीकडे.

तर मित्रांनो, कॅमेरा कुठला घ्यावा याचं एकच उत्तर नाही. पण कागदावर आधी पाच ओळी लिहा, दुकानात टेबलाखाली धरून बघा, हेडफोन लावल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ज्यांचं शूटिंग करायचं मनात आहे त्यांचं पुढच्या सुट्टीतच करा. कॅमेरा मिळेपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, पण फार थांबू नका.

काही शंका असल्यास लेडीज होस्टेलच्या खालच्या वाचनकक्षात भेटा. माइकचा अ‍ॅडॅप्टर उसना मिळेल, फक्त परत आणून द्या!

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी